इरफानसाठी न लिहिलेलं शिफारसपत्र

मी एक पत्र लिहिलं नाही, आणि लोक वर्षभर इरफानच्या नशिबाला बोल लावतायत.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. कामावर निघताना हार्ट अटॅक. वय छत्तीस.

सकाळपासून सगळ्यांच्या पोस्ट वाचतेय. "एवढा हुशार माणूस, पण नशिबाने साथ दिली नाही." गेल्या वर्षी अशाच पोस्टखाली मी हात जोडल्याचे इमोजी टाकलेत. टाकले आणि पुढे स्क्रोल केलं.

आता सांगून टाकते.

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी. इरफान मूळचा परभणीचा, जिऑलॉजीत एमएस्सी. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होता, राहायला निघोजे गावात. दिवसभर कास्टिंग, म्हणजे ओतीव सुटे भाग, तपासायचा आणि जेवणाच्या सुट्टीत एक व्हॉट्सअॅप ग्रुप चालवायचा.

ग्रुपचं नाव 'ग्रहावर जागा आहे'.

जगात कुठेही चंद्र, मंगळ, उल्का यांच्यावर संशोधनाची फेलोशिप निघाली, पीएचडीची जागा निघाली, साधं वर्कशॉप निघालं, तरी दुपारी एकच्या सुमारास त्याचा मेसेज यायचा. मराठीत. "दोन शिफारसपत्रं लागतात. इंग्रजी बघून घाबरू नका, फॉर्म सोपा हाय."

आम्ही त्याला एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज म्हणायचो.

माझी पीएचडी त्याच्याच मेसेजमधून आली. मी तेव्हा पिंपळे सौदागरला एका क्लासमध्ये अकरावीला फिजिक्स शिकवत होते, आणि आपलं आता काही होत नाही असं ठरवून मोकळी झाले होते. त्याने तीनदा फोन केला.

"भरलास का फॉर्म?"

"बघते रे."

"बघू नको. भर."

शेवटी रविवारी घरी येऊन समोर बसला. सबमिट दाबेपर्यंत मला चहासुद्धा करू दिला नाही.

आज नावाआधी डॉक्टर लावते, ते असं.

त्याचं स्वतःचंही काम होतं. आपल्याकडचा काळा दगड चंद्रावरच्या काळ्या डागांमधल्या दगडाला जवळचा आहे. मोशीच्या खडी क्रशरवरून तो भुकटी आणायचा, आणि शिफ्ट संपली की साहेबांची परवानगी काढून कंपनीच्या मायक्रोस्कोपखाली एकेक कण मोजत बसायचा. चंद्रावरच्या मातीसारखी माती इथे बनवता येईल का, हे त्याला बघायचं होतं.

काम चोख होतं. त्यातले दोन फोटो मी माझ्या एका प्रेझेंटेशनमध्ये वापरले. खाली त्याचं नाव टाकलं नाही. हेही आजच सांगते.

मग नेमकी याच कामाची फेलोशिप निघाली, परदेशात. वयाची अट पस्तीस. त्याचं ते शेवटचं वर्ष.

शिफारसपत्रं दोन हवी होती. एक त्याच्या कॉलेजच्या सरांनी लगेच पाठवलं. दुसरं मी देणार होते.

मी विसरले नव्हते. बिझीही नव्हते.

मी फाइल उघडली, दोन ओळी लिहिल्या आणि थांबले. मनात आलं, हा कंपनीत क्वालिटी बघणारा माणूस. याच्यासाठी शब्द टाकला तर तिकडचे लोक मला काय समजतील? माझंच बस्तान अजून कुठे बसलंय?

ज्याने मला हाताला धरून इथवर आणलं, त्याच्याबद्दल मी हा विचार केला. तेव्हा लाजसुद्धा वाटली नाही. आत्ता लिहिताना कान गरम झालेत.

शेवटच्या दिवशी त्याचा फोन आला.

"मॅडम, झालं का लेटर?"

"टाकलं रे. दुपारीच."

"बरं. थँक यू."

एक पत्र जरी कमी असलं तरी अर्ज वाचायलाच घेत नाहीत. महिन्याभराने ग्रुपवर त्यानेच लिहिलं, "आपलं नाही झालं. पुढची एक जागा निघालीय, खाली लिंक देतो."

मी उत्तर दिलं, "पुढच्या वेळी नक्की." वयाच्या अटीमुळे त्याच्यासाठी पुढची वेळ नव्हती. हे मला माहीत होतं आणि तरी मी तोंड वर करून लिहिलं.

गेल्या रविवारी इरफानच्या बायकोकडे, शबाना भाभींकडे गेले. सांगायलाच गेले होते. चहा झाला, इकडचं तिकडचं बोलणं झालं. शेवटी कसंबसं सांगितलं.

भाभी म्हणाल्या, "त्यांना माहीत होतं."

अर्ज भरणाऱ्याला वेबसाइटवर दिसतं, कुणाचं पत्र आलं आणि कुणाचं नाही. मी स्वतः असे कितीतरी अर्ज भरलेत, रोज उघडून बघितलेत. तरी खोटं बोलताना हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी "टाकलं" म्हणत होते, तेव्हा माझ्या नावापुढे "आलेलं नाही" असं त्याला दिसत होतं.

"मी म्हणलं, विचारा की त्यांना," भाभी सांगत होत्या. "तर म्हणले, नको. तिनं दिलं नाही म्हंजे तिला काम आवडलं नसंल."

त्यानंतर त्याने भुकटी आणणं बंद केलं.

ग्रुप मात्र चालू ठेवला. माझ्या उपयोगाचं काही निघालं की मला वेगळा मेसेजही करायचा. मी अंगठ्याचा इमोजी टाकायचे.

मी भाभींची माफी मागितली. त्यांनी माफ केलं नाही, आणि बरंच केलं. म्हणाल्या, "आमच्या झोयाला वाटतंय, अब्बा फेल झाले. चौथीत हाय, वाचता येतंय तिला. तिला दाखवता येईल असं लिहा. सगळ्यांना दिसंल असं लिहा."

म्हणून हे लिहिलं.

झोया, तुझे अब्बा फेल झाले नाहीत. त्यांचा अर्ज कुणी वाचलाच नाही, कारण त्यात माझं पत्र नव्हतं. चूक माझी होती, त्यांची काहीच नव्हती.

आणि इरफान, मला काम आवडलं होतं रे.