दोनशे चौदा नियमांचे नाना

नानांचा हिरव्या रंगावर विश्वास नव्हता. संगणकाच्या पडद्यावर हिरवी खूण आली, तिच्याखाली 'यशस्वी' असा शब्द आला, की बाकी सगळे खुर्चीतून उठायचे. नाना तेव्हा कुठे खुर्ची पुढे ओढून बसायचे. "व्हयी गयं म्हणू नका, आकडा काय शे ते सांगा," म्हणजे झाले म्हणू नका, आकडा काय आहे ते सांगा, हे त्यांचे अहिराणी मिसळलेले वाक्य आमच्या जळगावच्या कार्यालयात शिपायापासून सचिवांपर्यंत प्रत्येकाने ऐकलेले आहे.

आमचा केळी उत्पादकांचा संघ. कार्यालय जळगावात, केळी पिकवायच्या थंड खोल्या सावद्याला, गोदाम धुळ्याला, शिवाय एरंडोल, वरणगाव धरून अकरा लहान केंद्रे. या सगळ्या ठिकाणचे संगणक जळगावच्या एका चपट्या काळ्या पेटीतून एकमेकांशी जोडलेले आहेत. बाहेरून आत काय येऊ द्यायचे, आतून बाहेर काय जाऊ द्यायचे, हे ती पेटी ठरवते. तिला फायरवॉल म्हणतात, आणि ती सोळा वर्षे नानांच्या ताब्यात होती. माझे काम सावद्याच्या सहा खोल्यांचे तापमान दर अर्ध्या तासाला नोंदवण्याचे. दहा तासांच्या पाळीत दिवसाला एकशे वीस आकडे. तापमान तेरा अंशांच्या खाली गेले तर केळीची साल काळपट पडते, विसाच्या वर गेले तर फळ उकडल्यासारखे मऊ होते. हे आकडे नानांच्या पेटीतूनच माझ्यापर्यंत यायचे. त्यामुळे आमचे जमले असावे. कार्यालयात आकड्याला घाबरून राहणारी माणसे आम्ही दोघेच.

नाना धुळ्याकडच्या एका खेड्यातले. आयटीआयमधून वायरमन होऊन आमच्याकडे पंखे बसवायला आले, मग संगणकाच्या तारा ओढल्या, मग संगणकच त्यांच्या गळ्यात पडले. नोकरी कंत्राटी, दर एप्रिलला नवे पत्र. जळगावात एक खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी संध्याकाळच्या बसने घरी जायचे. त्यांच्या मुलीच्या लग्नाला मी गेले होते. वाढपी येऊन म्हणाला, "नाना, सगळे जेवले." नानांनी विचारले, "पानं किती उठली?" शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आते याहीस्ले बी आकडा इचारा!" आता व्याह्यांनाही आकडाच विचारा म्हणे. नाना हसले, पण पाने मोजूनच आले. मांडवामागे ड्रायव्हर आणि बँडवाले मिळून नऊ माणसे उपाशी होती.

पेटीच्या कडेला त्यांनी एक चिठ्ठी चिकटवलेली असे. तिच्यावर दोन रकाने, 'आधी' आणि 'नंतर'. पेटीत काही बदल करायचा असला, की आतल्या सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा आकडा ते आधी मोठ्याने वाचायचे आणि लिहायचे. बदल झाला की पुन्हा वाचायचे, पुन्हा लिहायचे. 'नंतर'चा रकाना भरेपर्यंत चहा घ्यायचे नाहीत.

त्यांची दुसरी सवय नावे ठेवण्याची. पेटीत प्रत्येक परवानगीसाठी एक नियम लिहावा लागतो आणि त्याला नाव द्यावे लागते. दुसरीकडे ही नावे म्हणजे इंग्रजी अक्षरे आणि आकडे असतात म्हणे. नाना चांगल्या मराठीत अख्खे वाक्य लिहायचे. 'एरंडोल केंद्र, दुपारी झोपते, घाबरू नये.' 'वरणगावचा काटा, आबांना विचारल्याशिवाय हात लावू नये, आबा फोन उचलत नाहीत, जाऊन विचारावे.' 'धुळे गोदामाचा जुना प्रिंटर, मेला असे वाटते, मेलेला नाही.' असे दोनशे चौदा नियम. मी एकदा म्हटले, "नाना, हे पेटीसाठी लिहिता की कादंबरी लिहिता?" ते म्हणाले, "पेटीला काय, नंबर दिला तरी चालतो. उद्या मी नसलो तर वाचणाऱ्याला कळायला पाहिजे ना, ताई." पेट्या मध्ये दोनदा बदलल्या, पण हे नियम नावांसकट एकीतून दुसरीत आले.

मागच्या जानेवारीत संघाने पुण्याच्या एका एजन्सीला सगळ्या यंत्रणेवर देखरेख करायला नेमले. त्यांनी पहिल्याच पत्रात लिहिले, की पेटीतली ९.२ ही आवृत्ती जुनी झाली आहे, तिच्यात आत शिरायच्या वाटा सापडल्या आहेत, मार्चअखेर १०.१ वर यावे. सचिवांनी नानांना बोलावले तेव्हा मी तिथेच सह्या घेत होते. सचिव म्हणाले, "नाना, हे जमवलंत तर तुमचं पुढचं वर्ष पक्कं. नाही जमलं, तर एजन्सी स्वतःची पेटी आणते म्हणते. मग माझ्या हातात काही नाही." नाना 'बरं' म्हणाले आणि बाहेर येऊन 'आधी'च्या रकान्यात ९.२ लिहिले.

पेटी बंद करून चालू करायला अकरा मिनिटे लागत. तेवढा वेळ माझे आकडे येत नसत. म्हणून आम्ही दुपारी दीडची नोंद झाल्यावर आणि दोनची व्हायच्या आधी काम करायचे ठरवले. पहिल्या दिवशी पडद्यावर हिरवी खूण आली. 'अपग्रेड यशस्वी.' पेटी बंद झाली, चालू झाली, सावद्याचे आकडे सुरू झाले. पुण्याहून एजन्सीच्या इंजिनिअरचा फोन आला, "सर, सक्सेस दिख रहा है, टिकट बंद कर दूँ?" टिकट म्हणजे त्यांच्याकडची कामाची नोंद. नाना म्हणाले, "बंद नको. आकडा वाचा." पलीकडे कळफलक वाजला. मग आवाज आला, "नौ पॉइंट दो."

फेब्रुवारीभर हेच चालले. मी माझ्या वहीत मोजले आहे, एकोणीस वेळा. एकोणीस वेळा हिरवी खूण आणि एकोणीस वेळा ९.२. चूक झाली असे पेटी एकदाही म्हणाली नाही. नानांनी फाइल पुन्हा उतरवून घेतली. ती धड आहे का हे पडताळायला चौसष्ट अक्षरांची एक ओळख असते. ती मी वाचली आणि त्यांनी एकेका अक्षरावर टिक केली. चौसष्टच्या चौसष्ट बरोबर. जागा पुरते का पाहिले, पुरत होती. सरळ पेटीला तार लावून काळ्या पडद्यावर धावणाऱ्या ओळी पाहिल्या. तेव्हा त्यांनी मला समजावले, "पेटीत दोन खोल्या असतात, ताई. एकीत जुनं, एकीत नवं. नवं उठायचा प्रयत्न करतं, कशाला तरी अडखळतं. मग पेटी गपचूप जुन्या खोलीत जाते आणि बाहेर येऊन सांगते, बठ्ठं चांगलं शे, सगळं ठीक."

"पण कशाला अडखळतं?"

"ते सांगितलं असतं तर मी चहा प्यायलो असतो."

मार्च लागला. नाना धुळ्याच्या गोदामातून एक जुनी, रिकामी पेटी बसमध्ये मांडीवर घेऊन आले. तिच्यात १०.१ पहिल्या झटक्यात चढले. म्हणजे दोष सॉफ्टवेअरमध्ये नव्हता, आपण आत जे भरले त्यात होता. मग त्यांनी रिकाम्या पेटीत ९.२ परत आणून नियम अर्धे अर्धे करून घालायला सुरुवात केली. दोनशे चौदातले एकशे सात घातले, नवी आवृत्ती उठली नाही. म्हणजे दोष या अर्ध्यात, दुसरा अर्धा चांगला, असे आम्ही धरले. दुसरा घालून पाहिला, तोही उठला नाही. त्रेपन्न, सव्वीस, तेरा, सहा, तीन. कोणतेही घाला, उठत नव्हती. शेवटी एकच नियम उरला, एरंडोलचा, दुपारी झोपणारा. तो एकटाही तिला उठू देईना. नानांनी त्याचे मराठी नाव पुसले, इंग्रजी अक्षरांत नुसते 'एरंडोल' लिहिले आणि पुन्हा चालवले. दहा पॉइंट एक.

जुन्या आवृत्त्यांनी ती देवनागरी नावे सोळा वर्षे कुरकुर न करता घेतली होती. नवीला ती वाचता येत नव्हती, आणि वाचता येत नाही हे सांगायचे तिला कोणी शिकवले नव्हते.

नानांनी खुर्ची मागे सारली. मग म्हणाले, "पेटी चांगली शे, ताई. बिघाड मीच शे."

मी काटेकोर बाई म्हणून ओळखली जाते. तरी त्या दिवशी जे बोलले ते इथे लिहिते. मी म्हटले, "नाना, हे पुण्याला कळवू नका. पुण्यात बसले तरी ते बाहेरचे, मराठी वाचणारे नाहीत. ही नावं आहेत तोवर प्रत्येक नियम तुम्हाला विचारावा लागेल. त्यांनी स्वतःची पेटी आणली, तरी नियम हलवायला तुम्हीच लागाल. नावांचे नंबर झाले, की तुमच्यावाचून त्यांचं काही अडणार नाही."

"सचिवसाहेबांनी शब्द दिला शे."

"शब्द हिरवा आहे, नाना. आकडा कुठाय?"

ते हसले. "माझंच मला शिकवता?" मग पेटीकडे बोट दाखवून म्हणाले, "जुनं ठेवू म्हणता. आणि उद्या त्या जुन्या वाटेनं कोणी आत शिरलं, तर तुमचे एकशे वीस आकडे खरे की त्यानं लिहिलेले, तुम्हाला तरी कळेल का?"

आणि त्यांनीच पुण्याला फोन लावून नावांचे सांगितले.

एजन्सीने नंबरांचा नमुना पाठवला, आर-१ ते आर-२१४. दोन दिवस मी एकेक जुने नाव वाचत गेले आणि नाना नवा नंबर देत गेले. पुसण्याआधी प्रत्येक नाव त्यांनी शंभर पानी वहीत उतरवले, डावीकडे नंबर, उजवीकडे वाक्य. वरणगावच्या आबांचे नाव आले तेव्हा थांबले. आबांना जाऊन चार वर्षे झाली होती. तरी पूर्ण वाक्य उतरवले, 'जाऊन विचारावे' यासकट.

वीस मार्चला दुपारी पावणेदोनला खऱ्या पेटीवर नवी आवृत्ती चढली. एकोणीस वेळा आलेली तीच हिरवी खूण विसाव्या वेळी आली. तीत काडीचा फरक नव्हता. नानांनी आकडा वाचला आणि 'नंतर'च्या रकान्यात १०.१ लिहिले. चहा आला. त्यांनी अर्धा ठेवला.

एप्रिलचे पत्र आले नाही. सचिव त्यांना म्हणाले, "नाना, तुमच्यामुळेच सगळं सुरळीत झालं. आता पुण्याहून चालतं." हे खोटे नव्हते. मी बसस्थानकावर सोडायला गेले. एक पत्र्याची पेटी, एक वळकटी. वही त्यांनी माझ्या हातात दिली. "तुम्ही नोंद ठेवता, म्हणून तुम्हाला. त्यांना प्रत पाठवा." मी पानापानाचे फोटो काढून एजन्सीला पाठवले. 'मिळाले' एवढेही उत्तर आले नाही.

जूनमध्ये एजन्सीने न वापरलेले नियम काढून टाकले. दुसऱ्या सकाळी सावद्याच्या चौथ्या खोलीचे तापमान माझ्या पडद्यावर १६.४ होते. अर्ध्या तासाने १६.४. आणखी अर्ध्या तासाने १६.४, हिरव्या रंगात. तिसऱ्या वेळी मी पुण्याला फोन लावला. "सब ग्रीन है, मॅडम." मी वही उघडली. '११७. सावदा, खोली ४. खोली रिकामी असते तेव्हा हा नियम बिनकामाचा दिसतो, काढू नये. काढला तर आकडा आहे तिथेच गोठतो आणि कोणाला कळत नाही.' सावद्याच्या माणसांनी दार उघडले तेव्हा आत एकोणतीस अंश होते; थंड हवेचे यंत्र पहाटेच बंद पडले होते. खोलीतला सगळा माल गेला.

मी नानांना फोन केला. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "सारखा आकडा किती वेळा आला?"

"तीन."

"थर्मामीटर कधी सारखं दाखवत नाही, ताई. पॉइंट एकचा तरी फरक पडतोच. दुसऱ्या वेळीच उठायला पाहिजे होतं." रागावले नव्हते. सवयीने बोलले. मग विचारले, "चिठ्ठी शे ना पेटीवर?" मी म्हटले, आहे.

तो शेवटचा फोन. दिवाळीनंतर ते वारले, झोपेत. काकूंचा निरोप दहावा उलटून गेल्यावर आला. मी त्यांच्या गावी जाऊन आले. काकूंनी मला विचारले, "तठे आते कोन शे?" मी म्हटले, तिथे आता कोणी नाही, पुण्याहून बघतात.

चिठ्ठी अजून पेटीला आहे. वहीतल्या २१४ पैकी ४१ नियम आता पेटीत नाहीत. ते कोणते, हे फक्त माझ्या वहीत लिहिलेले आहे, आणि माझी वही कोणी मागत नाही. मागच्या सोमवारी दुपारी पेटी पुन्हा अकरा मिनिटे बंद होती. पुण्याहून नवीन आवृत्ती घातली म्हणे. मी फोन लावला, पेन घेऊन चिठ्ठीपाशी उभी राहिले आणि विचारले, "आकडा काय आहे?"

"हो गया, मॅडम. सक्सेसफुल है."

मी पुन्हा विचारले. त्यांनी पुन्हा तेच सांगितले. दोन वाजले होते, खोल्यांची नोंद राहिली होती. 'नंतर'चा रकाना तसाच ठेवून मी जागेवर परत आले.