रविवारचा रकाना

समोरचं माणूस खोटं बोलतंय हे मला लगेच कळतं, असा माझा बावीस वर्षांचा गैरसमज होता. बावीस वर्षं म्हणजे माझी नोकरी. नाशिकमध्ये विशेष मुलांच्या शाळेत मी शिकवते.

त्या वर्षी माझ्या वर्गात चौदा वर्षांची एक मुलगी आली. बोलायची नाही, पण तिला सगळं कळायचं. वडील येवल्यात पैठणी विणतात. मुलीच्या शाळेसाठी आईने पंचवटीत खोली घेतली होती. शनिवारी सकाळीच दोघी येवल्याला जायच्या आणि सोमवारी पहाटेच्या एसटीने परत यायच्या. वर्गात शिरली की मुलगी आपल्या डब्याची पिशवी माझ्या खांद्याला अडकवायची, मी भिंतीतली खुंटी असल्यासारखी. हा मान दुसऱ्या कुणाला नव्हता. मला त्याचा ताठा होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

गणपतीनंतर ती स्वतःचं मनगट चावायला लागली. कधी कधी रक्त येईपर्यंत. बाकीचे पालक कुरकुरू लागले, तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावलं. म्हणाल्या, "दिवाळीच्या सुट्टीपर्यंत कारण शोधा. नाहीतर तिला घरी पाठवावं लागेल." घरी म्हणजे येवल्याला, म्हणजे शाळा कायमची बंद.

कारण शोधायच्या आमच्याकडे तीन वाटा आहेत. विचारणं, बघणं आणि मुद्दाम घडवून आणणं. पहिल्या दोन मी शेकडो वेळा चालले होते. तिसरीवर पाऊल ठेवलं नव्हतं.

प्रश्नावली घेऊन आईला समोर बसवलं. घरी चावते का?

"नाय मॅडम. घरी कधीच नाय."

कंटाळली की? काम सांगितलं की? नाय आणि नाय. मुलीच्या मनगटावर शाळेतल्या चाव्यांपेक्षा जुने, काळे पडलेले डाग होते. तेही विचारले.

"डास चावले व्हते. खाजवलं तिनं."

मी 'डास' असं लिहून घेतलं. ती बाई मला आवडायची, हेच त्याचं कारण. ती माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी आणायची आणि मधल्या सुट्टीत मी तिला माझ्या घरची रडगाणी ऐकवायचे. घरी चावत नाही म्हणजे दोष शाळेचा, म्हणजे माझा. तो मी मुकाट्याने पदरात घेतला.

मग दोन आठवडे कागद घेऊन बघत बसले. तीन रकाने: आधी काय झालं, तिने काय केलं, नंतर काय झालं. मी तिला मणी ओवायला देऊन दुसऱ्या मुलीकडे उठले की ती चावायची आणि मी धावत परत यायचे. अर्थ उघड होता. तिला मी जवळ हवी होते! मुख्याध्यापिकाबाईंना हे सांगताना माझा आवाज नको इतका हळवा झाला असणार. सोमवारी चावे जास्त, हेही कागदावर दिसत होतं. त्याला मी 'प्रवासाचा शीण' म्हणून टाकलं. माझ्या कागदाला रविवारचा रकाना नव्हता.

आणि मणी मीच निवडले होते. विणकराच्या घरची पोर, दोऱ्याचं काम तिच्या हातातच असणार, असं म्हणून.

महिन्यातून एकदा पुण्याहून एक मानसतज्ज्ञ सर तीन दिवसांसाठी येतात. त्यांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "तुम्ही उठता तेव्हा मणीही समोर असतात. चावते ती नेमकी कशामुळे, हे यावरून कळत नाही. एकेक गोष्ट वेगळी करून बघावी लागेल." बघायचं म्हणजे तिला चावायला लावायचं. तेही मीच, कारण बंद खोलीत ती फक्त माझ्याबरोबर यायची.

तिच्या मनगटाला मऊ पट्टा बांधून सुरुवात केली. सर कोपऱ्यात वही घेऊन बसले. मी पाठ फिरवली, ती खिडकीबाहेर बघत बसली. मी खोलीतून निघून गेले, तरी काही नाही. आवडती बाहुली काढून घेतली, नुसती रुसली. कणीक मळायला दिली तर हसत मळली. नुसते मणी ठेवले तर खेळली, शेजारी दोरा ठेवला आणि मनगट तोंडात गेलं. उचलला की थांबली. ठेवला की चावली. एकदा होऊन भागत नाही, म्हणून पुन्हा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी जवळ असण्या-नसण्याचं तिला काहीच नव्हतं. तिला दोरा नको होता. माझा ताठा तिथेच उतरला.

तिसऱ्या दिवशी दोरा ठेवला तेव्हा चावण्याआधी तिने माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. आपलं माणूस चुकून भलतंच करतंय, आता थांबेल, असं ते बघणं होतं. मी थांबले नाही. सरांची वही पूर्ण व्हायची होती.

त्याच संध्याकाळी आईला फाटकात गाठलं. दोरा म्हटल्यावर तिचा चेहराच पडला. दिवाळीच्या पैठण्यांची घाई होती, म्हणून गणपतीपासून मुलगी येवल्यात मागासाठी कांड्या भरत होती. रेशीम कांडीवर गुंडाळत बसायचं, शनिवारी आणि रविवारी, उजेड असेपर्यंत. तिथेही ती चावायची.

"केसाने गळा कापलात माझा," मी सगळ्यांदेखत ओरडले. "मी स्वतःला दोष देत बसले आणि तुम्हाला सगळं ठाऊक होतं!"

"सांगितलं असतं तर तुमी काम बंद करायला लावलं असतं. कांड्या भरती म्हनून घरात तिला कोनी बोलत नाय. नाय तर सासूबाई म्हनती, बसून खाती." तिने डोळे पुसले. "मी खोटं बोलले, कबूल हाय. पन तिला हाताला धरून त्या खोलीत कोन नेत व्हतं, मॅडम?"

मला तिचा संताप आला. अजून येतो. एक खरं उत्तर दिलं असतं तर त्या खोलीची वेळच आली नसती. पण डाग तर मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते.

मणी बंद झाले. मी येवल्याला जाऊन तिच्या सासूबाईंशी बोलून आले. आता मुलगी कांड्या भरत नाही, असं आई सांगते. मी ऐकून घेते आणि सोमवारी मुलीचं मनगट बघते. मनगट बरं होत आलंय. मुलगी शाळेत राहिली. तिसरी वाटच खरं सांगते, असं सर म्हणाले, आणि ते बरोबर आहे.

पिशवी ती आता शाळेतल्या मावशींच्या खांद्याला अडकवते. मी जवळ गेले की हात पाठीमागे नेते. परवा मी माझे दोन्ही तळवे उघडून तिच्यापुढे धरले. तिने ते नीट पाहिले. मग माझी पर्स ओढून घेतली, चेन उघडली आणि आत दोरा आहे का ते शोधू लागली.