फाटकाबाहेरचं सरबत

“बैठ के पी बेटा, सरबत कहीं भागा नहीं जा रहा!” धापा टाकत आलेल्या पोराला बाई आधी सतरंजीवर बसवायच्या, मगच स्टीलचा ग्लास हातात द्यायच्या. मी बाईंच्याच शाळेत शिकवते, चाळिशी कधीच उलटली. पण मलाही सूट नव्हती. मला मराठीत सांगायच्या, “बसून पी गं.”

गोविंदपुऱ्यातली आमची शाळा लहान. बाई दुसरीला शिकवायच्या. तुमच्याही शाळेत अशा एक बाई असतील, ज्यांच्या शिस्तीला सगळे हसतात आणि मुकाट्याने ऐकतात. खेळांच्या दिवशी लिंबाचं सरबत बाईंचंच. एकट्याच लिंबं पिळायच्या आणि बाग सेवनियातल्या घरून रिक्षात पिंप मांडीशी धरून यायच्या. मदतीला येऊ का विचारलं तर म्हणायच्या, “नको. तुझ्या हातून साखर जास्त पडते.”

यजमान गेलेले, मुलगा पुण्यात. एकदाच बोलल्या, “एरवी चहा ठेवायचा तर एकच कप. वर्षातून एक दिवस माझ्या हातचं कोणीतरी पितं.”

दुसरीच्या वर्गाचं पत्र्याचं छप्पर गळायचं. एक शीतपेयाची कंपनी नवं छप्पर घालून द्यायला तयार झाली. अट एवढीच, की भिंतीवर त्यांचं नाव आणि खेळांच्या दिवशी मैदानात फक्त त्यांचंच पेय. कंपनीला पत्र मीच लिहिलं होतं. बैठकीत सगळे बाईंकडे बघायला लागले. त्या म्हणाल्या, “पावसात पोरं वह्या पोटाशी धरून बसतात. घ्या छप्पर.”

तरी त्या वर्षी पिंप घेऊन आल्याच. कंपनीचा माणूस नम्रपणे म्हणाला, “आंटीजी, इसे बाहर रखवा दीजिए.” बाईंनी वाद घातला नाही. फाटकाबाहेर कडुलिंबाखाली सतरंजी अंथरली, ग्लास मांडले आणि बसून राहिल्या. शाळा सुटेपर्यंत एकाही मुलाला फाटकाबाहेर सोडायचं नाही, हा नियम पूर्वी बाईंनीच घालून दिला होता.

आत मुलं बाटल्या तोंडाला लावून उभ्याउभ्या पीत होती. दुपारी मी बाहेर गेले. पिंप तसंच भरलेलं होतं. बाईंनी मला ग्लास भरून दिला. तेवढ्यात आतून हाक आली, “मॅडम, फोटो!” मी घाईघाईने उभ्यानेच पिऊन टाकलं. “छान झालंय हं,” म्हणाले.

बाईंनी ग्लास परत घेतला. बसून पी म्हणाल्या नाहीत.

त्या वर्षी त्या निवृत्त झाल्या आणि पुढच्या थंडीत गेल्या. आता दुसरीचा वर्ग माझ्याकडे आहे. पावसात एक थेंब गळत नाही. तो फोटो कार्यालयात लावलाय. पुढच्या माणसाच्या खांद्याआड माझा अर्धाच चेहरा दिसतो. एवढ्यासाठी मी दोन मिनिटं बसले नाही.