शिवडीच्या बोळात आडवा आलेला कोल्हा

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. या ग्रुपवरचे अनुभव नात वाचून दाखवते तेव्हा मी बरेचदा हसते. पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय... मी सांगतेय, ती टाइप करतेय.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती तेव्हाचं. आम्ही शिवडीला, गोदामांमागच्या बैठ्या चाळीत राहायचो. पलीकडे चिखल आणि तिवरांचं रान. त्यात कोल्हे होते. माशांच्या घाणीच्या वासाने पार चाळीपर्यंत यायचे. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्यांदा पाहून मी किंचाळलेच. सासूबाई मालवणकडच्या. म्हणाल्या, "पळा नको गो. पाठ दाखवू नको. डबो वाजव, आणि तेका जावक वाट ठेव. कोलो आसा तो, वाघ न्हय."

खरकटं उघड्यावर टाकायचं नाही, पोर ओट्यावर एकटं ठेवायचं नाही. एवढं पाळलं की झालं. डबा वाजला की कोल्हा पळायचाच.

त्या दिवशी सकाळी कर्फ्यू थोडा वेळ उठला होता. माझं दूध आटलेलं, मुलगी सहा महिन्यांची, रडून रडून तिचा आवाज बसलेला. आमचे हे लोटा घेऊन दुधाला निघाले. रस्त्याला लागायला एकच बोळ, आणि बोळाच्या तोंडाशी कोल्हा उभा. भरदिवसा!

दोन शेजारी त्याच्या बाजूने गेले, त्याने मानही वळवली नाही. हे पुढे झाले की मात्र हा आडवा. गुरगुरणं नाही, दात दाखवणं नाही... नुसता आडवा. यांनी लोटा बडवला, मी परात बडवली. हलेना.

"राहू दे ना आज," मी म्हटलं.

"कोल्ह्याला भिऊन पोरीला उपाशी ठेवू?" हे हसले.

शेवटी सासूबाईंनी कोल्ह्याच्या पाठीत काठी घातली, तेव्हा कुठे तो लंगडत तिवरांकडे गेला. वळून वळून बघत होता.

हे नाक्यापर्यंतच पोचले. तिथे दगडफेक झाली, मग गोळीबार.

दुसऱ्या दिवशी काहीजण हार घेऊन आले. "मोर्चात होते ना?" मी म्हटलं, "नाही, दुधाला गेले होते." पुढे नाक्यावर नावांचा फलक लागला, त्यावर यांचं नाव नाही. दुधाला गेलेला माणूस कसला हुतात्मा!

सासूबाई मरेपर्यंत म्हणायच्या, "देवान धाडललो तो, आणि मीच तेका मारलंय." मी त्यांना कधी बोल लावला नाही. नात म्हणते, आजारी असेल, जवळ पिल्लं असतील. असतील. मग त्या दोघांना का जाऊ दिलं?

आणि खरंच देवाने धाडला असेल, तर त्याला एवढंच विचारायचंय — माणसाची भाषा येणारं कुणी मिळालं नाही का रे तुला?