हात न लावता तीन हात

त्या वृद्धाश्रमात व्यायामाचा तास रोज अकराला भरतो. भरतो म्हणजे काय, तर मोठ्या खोलीत अकरा खुर्च्या टीव्हीकडे तोंड करून लावतात आणि पडद्यावरची एक मुलगी हसत हसत हात वर-खाली करते. व्यायाम तीच करते. समोरच्यांपैकी चौघं झोपलेली असतात, दोघं 'ही हसते कशाला' यावर वाद घालत असतात. अर्ध्या तासाने सेविका वहीत अकरा नावांपुढे 'व्यायाम झाला' असं लिहिते. एकदा तिने आठवडाभर दवाखान्यात पडून असलेल्या बाईंचाही व्यायाम करून टाकला. व्यवस्थापकांनी खाली सही केली. वाचून सही करायची त्यांना सवय नाही. एकदाच त्यांनी ती वही वाचली आणि घोटाळा झाला.

घोटाळा रंगारीकाकांच्या अंगावर आला. वय अठ्ठ्याहत्तर. चाळीस वर्षं शिडीवर काढलेली, मान मागे टाकून, एका हातात डबा, दुसऱ्यात ब्रश. जमिनीवर उतरायचे ते जेवायला आणि घरमालकाशी भांडायला. मग एकदा न्हाणीघरात पाय घसरला. हाड काही मोडलं नाही, मुलाचा धीर मोडला. "पंधरा दिवस आराम करा, बाबा," म्हणत त्याने इथे आणून सोडलं. त्या पंधरा दिवसांना आता सात महिने झाले होते.

इथे आराम म्हणजे बसणं. काका खुर्चीत जरा पुढे सरकले की हाक यायची, "बसा काका, पडाल!" पाणी हवंय? बसा. खिडकी उघडायचीय? बसा. माणूस पडू नये म्हणून त्याला इतकं बसवायचं, की उभा राहिला तर तो पडलाच पाहिजे. सात महिन्यांत मांड्या काठ्यांसारख्या झाल्या आणि एका सकाळी काकांना कमोडवरून उठता येईना. नळ धरला, भिंत धरली, शेवटी लाज सोडून सेविकेला हाक मारली.

व्यवस्थापकांचा नियम साधा होता. जो स्वतःहून उठू शकत नाही तो वरच्या मजल्यावर. तिथे पलंगांना कठडे होते आणि लिफ्टला कुलूप. तिथून चालत खाली आलेला माणूस कुणी पाहिला नव्हता. खालची मंडळी 'तो वर गेला' असं दोन्ही अर्थांनी म्हणत आणि त्या दोन अर्थांत फारसा फरक करत नसत.

सेविकेने अजून व्यवस्थापकांना काही सांगितलं नव्हतं, तरी काका घाबरले.

त्याच आठवड्यात एक फिजिओथेरपिस्ट बाई आल्या. बोलावलं होतं ते संस्थेच्या माहितीपत्रकात फोटो हवा म्हणून. फोटो काढून झाला तरी त्या निघाल्या नाहीत, हा त्यांचा आगाऊपणा. त्यांनी काकांच्या मांड्या दाबून पाहिल्या.

"काका, खुर्ची भिंतीला टेकवा. समोर टेबल असू द्या, तोल गेला तर धरायला. हात न लावता उठायचं, सावकाश बसायचं. पाच वेळा. असं दिवसातून तीनदा."

"हात न लावता कसं जमायचं?"

"आधी लावा, मग हळूहळू सोडा."

"या वयात?"

"पायांना वय विचारत बसू नका. काम द्या."

काम म्हटल्यावर काकांना समजलं. रंगाचा एक थर म्हणजे रंगाऱ्याच्या बोलीत एक 'हात'. काकांनी पाच उठण्यांचा एक हात धरला. सकाळी पहिला, दुपारी दुसरा, संध्याकाळी तिसरा. पहिल्या आठवड्यात टेबल धरूनही घाम फुटायचा. तिसऱ्या आठवड्यात न्हाणीघरातला नळ धरणं सुटलं. सहाव्यात ते अंगणाची पायरी एकटे उतरले. भूक लागू लागली, झोपही लागू लागली. कुणी "बसा!" म्हणून ओरडलं की म्हणत, "बसतोच आहे की! पण उठल्याशिवाय बसू कसा?"

एका दुपारी सेविकेने विचारलं, "आज काय केलं, काका?"

"दोन हात केले. तिसरा संध्याकाळी."

तिने तसंच वहीत उतरवलं: 'रंगारीकाकांनी दोन हात केले. तिसरा संध्याकाळी करणार.' आणि नेमकी हीच ओळ व्यवस्थापकांच्या नजरेला पडली. कुणाशी दोन हात केले, हे विचारायला त्यांना खुर्चीतून उठावं लागलं असतं. त्यापेक्षा त्यांनी शेजारी 'मारामारी' असा शेरा मारला, वरच्या मजल्याचा फॉर्म काढला आणि मुलाला फोन लावला.

मुलगा गाडीची किल्ली बोटात फिरवत आला. ऑफिसातल्या खोल सोफ्यावर बापलेक शेजारी बसले.

"बाबा, या वयात मारामाऱ्या?"

"कुणाला मारलं मी?"

"वहीत आहे," व्यवस्थापक म्हणाले.

सेविकेला बोलावलं. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "अहो सर, ते व्यायामाचे हात! पाचदा उठले-बसले की एक हात."

चूक कळली. पण कळलेली चूक कबूल करतो तो व्यवस्थापक कसला! "म्हणजे धोका आहेच," ते म्हणाले. "न विचारता उठतात. उद्या पडले तर जबाबदार कोण? वरच बरं."

"सर म्हणतात तर..." मुलाने पेन काढलं. विचार करायचा कामधंदा त्याने कधीच दुसऱ्यांवर सोपवला होता.

"थांब," काका म्हणाले. "स्वतः उठतो तो खाली. नियम हाच ना, साहेब?"

"हो, पण..."

काकांनी पाय मागे ओढले, हात छातीशी बांधले, अंग पुढे झुकवलं आणि त्या रुतलेल्या सोफ्यातून उठले. बसले. पुन्हा उठले. चौथ्या वेळी गुडघे थरथरले. मुलगा धरायला निघाला, तर त्यालाच सोफा सोडेना. दोन्ही हात टेकून, "आई गं" करत तो उभा राहीपर्यंत काकांचं पाचवं उठणं झालं होतं.

"साहेब, फॉर्म वाया घालवू नका," काका धापा टाकत म्हणाले. "याचं नाव घाला."

सेविका तोंडावर पदर धरून बाहेर पळाली. मुलाने पेन खिशात घातलं. व्यवस्थापकांनी 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणत स्वतःची अब्रू वाचवली आणि काका चालत आपल्या खोलीत गेले, खालच्याच.

संध्याकाळी दारात कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजी उभ्या, काठी टेकून. "मला शिकवा हो तुमचा तो हात. पण गुडघे माझे उसने आणल्यासारखे आहेत, आधीच सांगते."

"टेबल धरा."

आजी दोनदा उठल्या. तिसऱ्यांदा अर्ध्यातच धपकन बसल्या आणि टेबलाला चार शिव्या दिल्या.

"असू दे," काका म्हणाले. "पहिला हात भिंत पिऊनच टाकते."

"मी काय भिंत आहे?" असं म्हणत आजींनी खुर्ची पुढे ओढली आणि पुन्हा टेबल धरलं.