टाकीत गेलेलं कुंकू

मोतीराम पिंगळे विमानं बनवतो, असं त्याच्या बायकोने, मंगलाबाईंनी, पंचवटीतल्या गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. खरं तर तो विमानांचा रंग काढायचा. ओझरजवळच्या एका वर्कशॉपमध्ये गरम रसायनाची भलीमोठी टाकी होती. विमानाचे जुने भाग जाळीच्या टोपलीत घालून तिच्यात बुडवायचे, रंग सुटला की वर काढून पाण्याने धुवायचे, हे त्याचं काम. यात सांगण्यासारखं काय डोंबल आहे, असं त्याला वाटे. म्हणून बायकोच्या थापा तो निमूट ऐकून घ्यायचा.

एरवी माणूस मऊ. भाजीत मीठ नसलं तरी खाऊन उठणारा. टाकीपाशी मात्र कुणी हातमोज्यांशिवाय हात पुढे केला, की अंगावर खेकसायचा.

खंडेनवमीला तिथे यंत्रांची पूजा असते, घरच्यांनाही बोलावतात. यंदा मंगलाबाई पहिल्यांदाच गेल्या, ठेवणीतली पैठणी नेसून, हातात पूजेचं तबक घेऊन. टाकीजवळ कुणाला जाऊ देत नव्हते, म्हणून मोतीराम स्वतःच टाकीच्या बटणांच्या पेटीला झेंडूचा हार घालायला गेला. तेवढ्यात बाईंना टेबलावर विमानाचं एक चाक दिसलं. रंग निघून लख्ख झालेलं. नवऱ्याच्या हातचं काम! त्यांचा ऊर भरून आला. त्यांनी चाकावर हळदीकुंकवाची बोटं ओढली आणि हात जोडले.

मोतीरामने वळून पाहिलं आणि तो झपाझप टेबलापाशी आला. उघड्या धातूला नुसतं बोट लागलं तरी पुढे तिथला नवा रंग फुगतो आणि आतून धातू खराब होऊ लागतो. तपासणी झाली की ते चाक रंगवायला जायचं होतं. आत्ता फडक्याने पुसलं असतं, तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण पुसून भागत नाही, हे त्याला माहीत होतं.

बाईंनी त्याच्या चेहऱ्यावरून ओळखलं.

"कुंकू काढू नका हो," त्या हळूच म्हणाल्या. "तुमच्यासाठीच लावलंय."

मोतीरामने तपासणीच्या हर्षाली मॅडमना हाक मारली आणि सगळ्यांदेखत सांगितलं, की चाकाला माझ्या बायकोचा हात लागलाय, तसंच रंगवलं तर आतून खराब होईल, ते परत टाकीत जाईल.

चाक वर आलं तेव्हा कुंकवाचा मागमूस नव्हता. मंगलाबाई तोंडाला पदर लावून बघत होत्या. ऐन सणाला, नवऱ्याने, स्वतःच्या हाताने! मोतीरामला फार वाईट वाटलं, पण समजूत घालणं त्याला जन्मात कधी जमलं नव्हतं.

परतताना आडगावपर्यंत त्या गाडीवर मागे अंग चोरून बसल्या होत्या. सिग्नलला थांबल्यावर मागून विचारलं, ते चाक लावतात त्या विमानात बसतं कोण.

"पायलट. तरणं पोरच असतं."

"लग्न झालेलं?"

"असेल एखाद्याचं."

सिग्नल सुटला. बरंच पुढे गेल्यावर बाईंचा हात त्याच्या खांद्यावर आला.

"मग बरं केलंत," त्या म्हणाल्या.