यादीतून गाळलेली ओळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. तुम्हाला का सांगतेय? — तुम्ही शहनाजला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसाजवळ विषय निघाला की मी भलतंच बोलत बसते. ती डब्यात काय आणायची, हसताना तोंडावर ओढणी कशी धरायची. मूळ गोष्ट राहूनच जाते. आजही तसं होईल थोडं. होऊ दे.

मी नांदेडला एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तरोडा नाक्याजवळ, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, आठ माणसं. शाळांसाठी हजेरीचं सॉफ्टवेअर करतो आम्ही. पोरगं शाळेत आलं नाही की त्याच्या घरी मोबाईलवर निरोप जातो. मी अर्धापूरची, केळीवाल्या घरातली. कॉलेजात शिकले होते ते परीक्षेपुरतं. खरं काम शिकवलं शहनाजनं. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. देगलूर नाक्याला घर, वडिलांचं पुस्तकांच्या बाइंडिंगचं दुकान. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून कायतरी मोडलं, सगळं बंद पडलं, आणि मी रडायच्या बेतात. ती खुर्ची सरकवत माझ्याजवळ आली.

"काय घाबरून राहिली गं? मोडलं तर मोडलं. बघू की दोघी."

बघू की दोघी — तीन वर्षं आम्ही तसंच केलं. एकच टेबल. दर बुधवारी ती खिचडी आणि चिंचेचा आंबट खट्टा आणायची आणि माझी भाकर आणि ठेचा खायची; माझा डबा तिचा, तिचा माझा, असंच होतं. विचारात पडली की चपला काढून खुर्चीवर मांडी घालायची. कोड वाचताना तिचे ओठ हलायचे, लांबून आलेलं पत्र वाचावं तसे. अजूनही काही अडलं की माझी मान उजवीकडे वळते. तिथं आता प्रिंटर आहे.

बघा, लागलेच ना मी.

तर — शनिवारचं सांगते. कोडमध्ये कुणीही बदल केला की त्याची नोंद होते. कुणी केला, कधी केला, काय बदललं, आणि सोबत एखाद्या ओळीचा शेरा. अशी आठवड्याची यादी तयार होते. एकदा गंमत म्हणून मी ती यादी एआयला दिली आणि सांगितलं, यावर जरा हसवणारा वृत्तांत लिही. जे आलं ते चहाच्या वेळी मोठ्यानं वाचून दाखवलं. आमच्या प्रशांतनं त्या आठवड्यात एका बटणाचा रंग चार वेळा बदलून शेवटी पहिलाच ठेवला होता. त्यावर मशीननं लिहिलं होतं, 'चार शालू बघून झाले, नवरी पहिल्यावरच राजी.' शहनाजचे शेरे लांबलचक असायचे, तर तिच्याबद्दल, 'बदल अर्ध्या ओळीचा, शेरा तीन ओळींचा. लग्नापेक्षा पत्रिका मोठी.' शहनाज डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. साहेब आतल्या खोलीतून बाहेर आले. मग ते दर शनिवारचं झालं. समोसे यायचे, सगळे माझ्याभोवती खुर्च्या ओढून बसायचे. आठवडाभर मी आठातली एक. शनिवारी चार वाजता मात्र सगळे माझ्या तोंडाकडे बघायचे. मला ते किती आवडायचं, हे सांगायला हवं. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

त्या आठवड्यात सोमवारी मी हजेरीच्या मोजणीत एक बदल केला. सगळ्यांचे मिळून पुष्कळ बदल त्या दिवशी एकदमच शाळांकडे गेले. मंगळवारी भोकरकडच्या एका शाळेतून फोन आला. एका बाईला निरोप गेला होता की तुमचा मुलगा आज शाळेत आलेला नाही. ती शेतातून धावत शाळेत आली. अनवाणी. पोरगा वर्गात बसलेला. आणि जी मुलगी खरंच आली नव्हती, तिच्या घरी काहीच कळवलं गेलं नाही. मुख्याध्यापक साहेबांना फोनवर वाट्टेल तसं बोलले.

चूक शोधायचं काम शहनाजकडे आलं. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. ज्या वर्गातून वर्षाच्या मध्येच एखादं नाव कमी झालं होतं, तिथंच गडबड व्हायची. बाकी सगळीकडे ठीक. म्हणून चूक हाती लागत नव्हती. माझ्या मनात काही आलं नव्हतं का? — आलं होतं. बुधवारी दुपारीच आलं होतं. माझा बदल उघडून बघायला दोन मिनिटं लागली असती. मी उघडला नाही.

शुक्रवारी संध्याकाळी तिला सापडलं. शून्य हवा तिथं एक. एवढंच. त्यामुळं निरोप यादीतल्या पुढच्या मुलाच्या घरी जात होता. तिनं तो आकडा बदलला आणि माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, "तुझंच होतं गं ते. झालं नीट. साहेबांना सांगायचं काही काम न्हाई." शेऱ्यात तिनं फक्त लिहिलं, 'हजेरीच्या मोजणीतली चूक दुरुस्त.' नेहमी तीन ओळी लिहिणारी ती. कुणाची चूक, ते लिहिलंच नाही.

शनिवारी मी यादी मशीनला दिली. सगळी दिली — आधी. आणि मशीननं बरोबर जोडलं. माझी सोमवारची ओळ आणि तिची शुक्रवारची ओळ. 'सोमवारी अर्चनाबाईंच्या हातून एक "एक" सांडला. शहनाजबाईंनी शुक्रवारी अख्खं घर झाडून तो शोधून काढला.' चांगलं लिहिलं होतं हो. खोचक नव्हतं. मी वाचलं असतं तर सगळे हसले असते, मीही हसले असते, शहनाजनं माझ्या पाठीत धपाटा घातला असता, आणि संपलं असतं.

माझे कान तापले. त्या अनवाणी बाईचं काय, हे कुणीतरी विचारेल असं वाटलं. साहेब दारात उभे असतील असं वाटलं. मी यादीतून माझी सोमवारची ओळ काढून टाकली. उरलेली यादी पुन्हा दिली आणि लिहिलं — हे शब्द माझे आहेत, मला पाठ आहेत — 'शहनाजला एक आकडा बदलायला तीन दिवस लागले, त्यावर जास्त मजा घे.'

त्यानं घेतली. सांगितलं ते केलं. मी चहाच्या वेळी वाचलं. 'बुधवारी शहनाजबाईंनी आकड्याकडे बघितलं. गुरुवारी आकड्यानं शहनाजबाईंकडे बघितलं. शुक्रवारी दोघांची ओळख झाली.' खोली हसून हसून लोळायची बाकी राहिली. प्रशांत टेबलावर हात आपटत होता. साहेबही हसले. मी शहनाजकडे बघणार नव्हते, पण नजर गेली. ती हसत होती. ओढणी तोंडावर धरून, नेहमीसारखी. फक्त माझ्याकडे बघत हसत होती.

जिना उतरताना ती म्हणाली, "मशीनला सगळी यादी दिली होती ना?"

"हाव, सगळी दिली," मी म्हणाले.

"लई खट्याळ हाय मग," ती म्हणाली. आणि आपल्या रिक्षाकडे गेली.

मी ओळ काढली ती फक्त मशीनला दिलेल्या प्रतीतून; मूळ यादी काही माझ्या कपाटात बंद नव्हती. आठही जणांना उघडी होती, कुणालाही केव्हाही बघता येत होती. बाकीच्यांना बघायची गरज वाटली नाही. त्यांचं हसून झालं होतं. पण शहनाजला माझी ओळ माहीत होती, तीच तर तिनं दुरुस्त केली होती. मग तिनं मला का विचारलं? उत्तर तर तिच्याजवळ होतं. तिला ते माझ्याकडून हवं होतं. त्या जिन्यावर, दोघीच असताना. 'बघू की दोघी'चीच एक तऱ्हा होती ती, आणि मी तिच्या तोंडावर खोटं बोलले.

सोमवारपासून प्रशांत तिला 'तीन दिवस' म्हणायला लागला. "तीन दिवस, चहा येताय का?" वाईट मनानं नाही. मीही एकदा म्हणाले — बघा, हेही सांगते — मीही एकदा म्हणाले. नव्या कॉलेजचं काम आलं तेव्हा साहेबांनी ते मला दिलं. शहनाज जरा हळू आहे, असं म्हणाले. मी मान हलवली. ती डबा आणायची, पण घरून खाऊनच आले म्हणायची आणि डबा तसाच परत न्यायची. बुधवारी खट्ट्याचा वास यायचा बंद झाला. तिचे शेरे एका शब्दाचे झाले. 'दुरुस्त.' 'बदल.' 'झालं.' दोन महिन्यांनी ती लातूरला गेली, मोठ्या बहिणीकडे. तिथल्या एका क्लासच्या सॉफ्टवेअरचं काम मिळालं होतं. शेवटच्या दिवशी तिनं सगळ्यांना पेढे दिले. मला दोन दिले.

शनिवारचं वाचन मी पुढं सहा-सात आठवडे चालवलं. मग एआय तेच तेच लिहितंय असं सांगून बंद केलं. तेही खोटंच.

गेल्या हिवाळ्यात कामानं लातूरला गेले होते. काम तिच्याच ऑफिसशी निघालं. हे कळल्यापासून रात्री झोप नव्हती, आणि खरं सांगू? — आनंदही झाला होता. बसमध्ये अहमदपूर येईपर्यंत मी सगळं मनात जुळवलं होतं. काय म्हणायचं, कुठून सुरुवात करायची. ती खाली घ्यायला आली. तब्येत थोडी भरली होती, चष्मा लागला होता. तिला बघून मला पळत जाऊन मिठी मारावीशी वाटली.

"या ना मॅडम," ती म्हणाली. "प्रवास बरा झाला ना तुमचा?"

तुमचा. टोमणा नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं.

तिनं चहा मागवला. आईंचे गुडघे कसे आहेत, विचारलं. मी म्हणाले, बरे आहेत. अर्ध्या तासात काम झालं. सगळं नीट, नेटकं, ओठ हलवत एकेक ओळ वाचून तिनं मला समजावून दिलं. टेबलापाशी आम्ही दोघीच होतो. मी लातूरच्या पाण्याबद्दल बोलले, बसच्या गर्दीबद्दल बोलले. मग उठले.

ती फाटकापर्यंत आली, रिक्षा थांबवली. "मॅडमना बसस्टँडला सोडा भय्या, नीट," म्हणाली. रिक्षा वळायला जागा नव्हती, समोर टेम्पो उभा होता. तो निघेपर्यंत पाच-सात मिनिटं आम्ही तशाच — ती फाटकात, मी रिक्षात. उतरता आलं असतं. दोन वाक्यं होती.

टेम्पो निघाला. मी हात हलवला.